टोलनाक्यावर बंद पडणारी गाडी

सोलापुरातून तुळजापूरला निघालेली मोटरसायकल शहर सोडते, चौपदरी रस्त्याला लागते आणि पन्नास-साठच्या वेगाने मजेत धावू लागते. मागे बसलेल्या माणसाशी बोलता बोलता तामलवाडी येते, टोलनाका दिसतो. दुचाकीला टोल नाही, तरी वेग कमी करावाच लागतो. पुढे ट्रकची रांग असते. चालवणारा रेस सोडतो, क्लच दाबतो आणि गाडी बंद पडते. किक मारली की चालू होते. रेस देऊन धरली तर चालू राहतेही. सोडली की पुन्हा बंद. टाकी अर्धी भरलेली आहे, प्लग नवा आहे. दोन माणसांना साठच्या वेगाने ओढणारं इंजिन नुसतं जागेवर फिरत राहायचं म्हटलं की का विझतं? ज्याला जास्त काम झेपतं, त्याला कमी काम का झेपू नये?

अचानक बंद पडणाऱ्या गाडीमागे डझनभर कारणं असू शकतात, आणि म्हणूनच बरेच जण प्लग बदलून बघ, कार्बोरेटर साफ करून बघ, बॅटरी बदलून बघ, असे पैसे घालत राहतात. खरं तर गाडी बंद पडते त्या क्षणीच ती बरंच काही सांगून जाते. ती आचके देत बंद पडली की टक्कन? तापल्यावर की थंड असताना? वेगात की रेस सोडल्यावर? या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर डझनातली आठ-दहा कारणं रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या बाद करता येतात. त्यासाठी इंजिन चालतं कसं, एवढं मात्र माहीत हवं.

सेकंदाला बारा वेळा

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना एकच सिलिंडर असतो. त्यात पिस्टन खाली-वर होतो. पहिल्यांदा खाली येताना तो हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. दाबलेल्या मिश्रणात प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतं. पुन्हा वर येताना पिस्टन जळका धूर सायलेन्सरकडे लोटतो. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये हे चक्र इंजिनात बसवलं आणि आजही चार स्ट्रोकची प्रत्येक गाडी त्याच क्रमाने चालते.

या चार खेपांत ताकद मिळते ती एकाच खेपेत. उरलेल्या तीन खेपा इंजिनाला आपल्या गतीच्या जोरावर ओढून न्याव्या लागतात. त्या कामी मॅग्नेटचं जड चाक येतं. एकदा फिरलं की ते सहज थांबत नाही. रेस न देता उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. दोन फेऱ्यांत एकदाच कामाची ठिणगी, म्हणजे मिनिटाला ७००, सेकंदाला जेमतेम बारा. एवढ्या मंद गतीला त्या जड चाकात फारसा जोर शिल्लक नसतो. एक-दोन वेळा मिश्रण नीट पेटलं नाही की पुढची खेप ओढायला बळ उरत नाही. वेगात असताना मात्र एखादी ठिणगी वाया गेली तरी चाकाची गती आणि गाडीचा वेग मिळून ती उणीव भरून काढतात. चार सिलिंडरच्या मोटारीत एक सिलिंडर चुकला तर तीन सांभाळून घेतात. इथे सांभाळायला दुसरा कोणी नाही. म्हणून मंद गतीवर फिरत राहणं ही एका सिलिंडरच्या इंजिनाची सगळ्यात नाजूक अवस्था असते, आणि बारीकसा बिघाड पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो.

त्या बारा ठिणग्यांना चार गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि मिश्रण घट्ट दाबलं जाईल असा बंद सिलिंडर. इंजिन बंद पडलं म्हणजे यांपैकी एक गोष्ट कमी पडली. पिस्टनच अडकला नसेल तर पाचवं कारण नसतं. फक्त कोणती आणि का, हे शोधायचं असतं.

दोन वाटा, त्यातली एक बुजलेली

आता टोलनाक्याकडे येऊ. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल इंजिनात जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. रेस दिली की आतली स्लाईड वर उचलली जाते, निडल वर सरकते आणि मुख्य जेटमधून भरपूर पेट्रोल येतं. रेस सोडली की ही मोठी वाट जवळपास बंद होते. तेव्हा इंजिनाला जगवते ती पायलट जेट नावाची पितळेची छोटीशी नळी. तिचं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. टाकीतल्या गंजाचा एक कण किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यावर पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर ते भोक बुजवायला पुरतो.

म्हणजे साठच्या वेगाने धावणारी गाडी एका वाटेने पेट्रोल पीत होती आणि नाक्यावर तिला दुसरी वाट लागली. ती बुजलेली. इंजिनात ताकद आहे की नाही, याचा इथे संबंधच नाही.

अशा गाडीला गॅरेजात बऱ्याचदा पहिला उपाय होतो तो रेस वाढवण्याचा. कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू आवळला की स्लाईड थोडी उचललेली राहते, मोठी वाट किंचित उघडी राहते आणि गाडी बंद पडायची थांबते. मला हा उपाय मान्य नाही. बिघाड तसाच राहतो, पेट्रोल जास्त जातं आणि उतारावर रेस सोडूनही गाडी पुढे ओढत राहते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करणं हाच खरा इलाज. सुई किंवा लोखंडी तार मात्र त्यात घालू नये. पितळ मऊ असतं. भोक एकदा मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं आणि नवीन जेट टाकल्याशिवाय सुटका नाही.

जेट साफ असूनही हेच लक्षण दिसलं तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर पाहावं. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ते कडक होतं, त्याला चिरा पडतात. त्या चिरांतून फुकटची हवा आत शिरते. पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. ते प्रमाण थोडं पुढेमागे झालेलं इंजिन खपवून घेतं, पण मंद गतीला आत जाणारी हवाच मुळात थोडी असते, त्यामुळे चिरेतून आलेली भर तिथे फार मोठी ठरते. रेस कधी आपोआप चढते, कधी पडते, आणि एकदा पडली की इंजिन सावरत नाही.

एअर फिल्टर चोंदला तर गोष्ट उलटी होते: हवा कमी, पेट्रोल जास्त. उसाच्या, सोयाबीनच्या रानातून, मुरमाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर भरतो. सर्व्हिस पुस्तिकेतलं किलोमीटरचं वेळापत्रक डांबरी रस्त्यासाठी असतं, असं समजूनच शेतकऱ्याने फिल्टर उघडून पाहावा. प्लगही हे सांगतो. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, कोरड्या काजळीने काळंभोर असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं पडलं असेल तर हवा जास्त.

आचके की टक्कन

बंद पडण्याच्या पद्धतीतला सगळ्यात उपयोगी फरक हा. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन एकदम मरत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. वरून येणं थांबलं तरी गाडी त्यावर थोडी चालते, मग ओढ कमी होते, आचके बसतात, रेस पिळूनही वेग चढत नाही आणि अखेर ती थांबते. पेट्रोलची चावी उघडायला विसरलेला माणूस घरातून निघून गल्लीच्या टोकाला किंवा हमरस्त्यावर पोहोचून थांबतो, तो याच वाटीमुळे.

विजेचा पुरवठा तुटला तर असा काही वेळ मिळत नाही. एका क्षणी इंजिन चालू, दुसऱ्या क्षणी शांत, जणू कोणी चावी फिरवली. कधी दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा चालूही होतं, कारण गाडी गिअरमध्ये असते आणि चाक इंजिनाला फिरवत असतं. त्या वेळी सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला तर विजेचा संशय पक्का समजावा. ठिणगी नसताना न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठलेलं असतं; ठिणगी परतली की ते तिथे पेटतं.

चौकट : रस्त्याच्या कडेला, पहिल्या पाच मिनिटांत

आधी गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या आणि इंडिकेटर लावा. हमरस्त्यावर बिघाडापेक्षा मागून येणारा ट्रक जास्त धोक्याचा. मग हँडलवरचा लाल किल स्विच, साईड स्टँड आणि पेट्रोलची चावी पाहा. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल डोळ्यांनी बघा, काट्यावर विसंबू नका. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला का, तेही ऐका. चावी लावून दिवे आणि हॉर्न नेहमीसारखे आहेत का ते तपासा. प्लगची टोपी हाताने दाबून घट्ट बसवा. मगच किक. दहा-बारा किका मारूनही चालू झाली नाही तर थांबा. न जळलेल्या पेट्रोलने प्लग ओला होतो आणि मूळ बिघाडावर दुसरा चढतो. दुसऱ्या मोटरसायकलवरून फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. हमरस्त्यावर ते करू नका. दोन्ही गाड्यांचा तोल एकाच पायावर असतो.

पेट्रोल भरपूर, तरी पोहोचत नाही

टाकी भरून घेतली, गाडी सुरळीत चालली, दहा-पंधरा किलोमीटरवर आचके देत बंद पडली. पाच मिनिटं थांबून किक मारली, चालू झाली. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तेच. या बिघाडाने अनेकांनी कार्बोरेटर बदलले आहेत, आणि दोष टाकीच्या झाकणात असतो.

किराणा दुकानात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना दुकानदार एक भोक पाडत नाही, दोन पाडतो. एकाच भोकातून तेल गचके खात येतं आणि थांबतं, कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घ्यायला आत हवा जात नाही. टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली उतरतं तसतशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असतं. धूळ आणि पावसाचं पाणी मिळून चिखल झाला, किंवा वर लावलेल्या कव्हरने ते झाकलं, की टाकीत हळूहळू पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायला तयार होत नाही. थांबल्यावर फटीफटीतून थोडी हवा शिरते, गाडी चालू होते आणि दोष सापडत नाही. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर निदान झालंच. छिद्र साफ करायला खर्च नाही.

दुसरी गडबड रिझर्व्हची. जुन्या गाड्यांच्या टाकीत चावीला दोन तोंडं असतात. नेहमीचं तोंड थोडं उंच उभं असतं, रिझर्व्हचं अगदी तळाशी. पेट्रोल उंच तोंडाच्या खाली गेलं की गाडी आचके देते आणि आपण चावी फिरवतो. पण टाकीचा तळ म्हणजे गंज, कचरा आणि पाणी यांची जागा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं. महिनोन्महिने न वापरलेली रिझर्व्हची वाट उघडली की हे सगळं एकदम कार्बोरेटरमध्ये येतं. म्हणून रिझर्व्हला लागल्यावर पाच मिनिटांत बंद पडणाऱ्या गाडीत पेट्रोल संपलंय असं गृहीत धरू नये. कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड झाल्यावर, बिडी-काडीपासून दूर, तिथलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावं. तळाशी वेगळा थर किंवा हलणारे थेंब दिसले तर ते पाणी.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच, आणि धाराशिव-सोलापूरच्या ऊसपट्ट्यात तो जिव्हाळ्याचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळूनच जळून जातं, आणि तो फायदाच म्हणायचा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी जोडलं जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी जातात. पूर्वी चमचाभर पाणी तळाशी पडून राहायचं. आता तळाचा थर त्याहून बराच मोठा होतो आणि त्यावर इंजिन चालत नाही. पावसाळ्यात उघड्यावर लावलेल्या, झाकणाचं रबर गेलेल्या गाडीत हे घडतं.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीतला संगणक पेट्रोल थोडं वाढवून हे बऱ्यापैकी जुळवून घेतो. जुना कार्बोरेटर मात्र मापाची भोकं घेऊन बसलेला असतो. त्याला कळत नाही. ज्या गाडीत मिश्रण आधीच हवेकडे झुकलेलं असेल, तिची मंद गती नव्या इंधनावर आणखी डळमळीत होऊ शकते. मिश्रणाचा स्क्रू जाणत्या हाताने जुळवून घेतला तर बहुतेक वेळा भागतं. सगळा दोष इथेनॉलवर टाकून जेट न उघडणं मात्र चुकीचं, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला साठलेला थर सोडवतं आणि तो कचरा शेवटी जेटमध्येच येऊन बसतो.

तापली की बंद, निवली की चालू

नवरात्राच्या आधी तुळजापूरला जाऊन भवानीची ज्योत आपल्या गावी नेणाऱ्या तरुणांच्या तुकड्या तुम्ही पाहिल्या असतील. एक जण ज्योत घेऊन धावतो आणि बाकीचे मोटरसायकलींवर त्याच्या मागे-पुढे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या धावण्याच्या वेगाने, तासन् तास. इंजिनासाठी याहून कठीण परीक्षा नाही. आपल्या बहुतेक गाड्या हवेने थंड होतात. सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांवरून वारा गेला तरच उष्णता निघते. धावणाऱ्या माणसाच्या वेगाला वारा जवळजवळ नसतो. थंड असताना लपलेले दोष अशा वेळी बाहेर येतात.

त्यातला पहिला टापेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा. सिलिंडरची दारं म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थंड इंजिनात मुद्दाम अगदी बारीक फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि ती फट वापरून टाकतो. फट मुळातच कमी असेल तर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, मिश्रण दाबताना निसटतं आणि मंद गतीवरचं इंजिन विझतं. गरम असताना किक हलकी, पोकळ लागते. थंड झाल्यावर सगळं ठीक.

ही फट कमी का होते? एक तर व्हॉल्व्ह आपल्या जागेत झिजून थोडा आत बसतो, त्यामुळे. दुसरं कारण आपणच. टापेटचा टिक-टिक आवाज आला की लोक अस्वस्थ होतात आणि आवाज पूर्ण जाईपर्यंत आवळून घेतात. किंचित टिक-टिक निरोगी इंजिनाची असते. अगदी गप्प टापेटची मला जास्त धास्ती वाटते, कारण पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्ह उष्णता बाहेर सोडू शकत नाही आणि अखेर जळतो. फट फिलर गेजनेच मोजावी, आणि इंजिन थंड असताना. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची मोजली तर उत्तम.

दुसरा दोष विजेचा. ठिणगी तयार करणाऱ्या कॉईलमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ठिणगी कधी टाकायची हे सांगणारी पल्सर कॉईलही तशीच बारीक तारेची. एखाद्या ठिकाणी तार अर्धवट तुटली असेल तर थंड असताना टोकं टेकून राहतात. तापून पसरली की सुटतात आणि गाडी टक्कन बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटांनी निवल्यावर टोकं पुन्हा टेकतात. तोवर गाडी गॅरेजात पोहोचलेली असते, पहिल्या किकला चालू होते आणि मेकॅनिक म्हणतो, काही झालेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर खरोखर काही झालेलं नसतं.

म्हणून अशी गाडी मेकॅनिककडे न्यायची तर तापवून न्यावी, आणि बंद पडताच ठिणगी पाहावी. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत प्लग काढून पुन्हा टोपीत बसवतात, त्याच्या आट्यांचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवतात आणि किक मारतात. निळी, कडक ठिणगी हवी. हे करताना पेट्रोलचा वास येत असेल तर थांबावं, आणि प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी नेऊ नये. तिथून किकबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग हातात धरायचाच तर रबरी टोपीला धरावा. ठिणगी दिसली म्हणून वीज निर्दोष ठरत नाही, हेही सांगायला हवं. सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेलं असतं आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाची वीज लागते. अशक्त कॉईल बाहेर पास होते, आत नापास. तेव्हा त्याच मॉडेलच्या चालू गाडीची कॉईल, मग ठिणगी नियंत्रित करणारा सीडीआय एकेक करून लावून बघणं हा गॅरेजमधला जुना मार्गच खात्रीचा.

पावसात बंद पडणारी गाडी याच कुटुंबातली. प्लगच्या टोपीला किंवा वायरीला चीर असली की पाणी आत जातं आणि हजारो व्होल्टची वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता ओल्या वाटेने इंजिनाच्या धातूत उतरते. टोपी काढून आतून कोरडी पुसली की गाडी घरी पोहोचते. चिरलेली टोपी मात्र बदलावीच.

हँडल वळवलं की

काही गाड्या वळणावरच बंद पडतात. हँडलकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी गळ्याजवळून जातात आणि प्रत्येक वळणाला वाकतात. आठ-दहा वर्षांत एखादी आतल्या आत तुटते, वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. गाडी मेन स्टँडवर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, चावीचा जुडगा हलवून पाहावा. इंजिन चाचरलं तर जागा सापडली. किल्ल्यांचा जड जुडगा लटकवण्याची सवयही इग्निशन स्विच ढिला करते.

विजेचा प्रश्न नव्या गाड्यांत आणखी मोठा. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक नव्या मोटरसायकलींत इंजेक्शन आलं. जुन्या बऱ्याच शंभर सीसी गाड्या बॅटरी काढून टाकली तरी किकवर चालत. मॅग्नेटची वीज त्यांना पुरे. नव्या गाडीत पेट्रोल ढकलणारा पंप, ते फवारणारा इंजेक्टर आणि हिशेब ठेवणारा संगणक, तिघांनाही वीज लागते. त्यामुळे बॅटरीचं ढिलं टर्मिनल एका खड्ड्यात अख्खी गाडी बंद पाडू शकतं. चावी लावल्यावर टाकीतून एक-दोन सेकंद ‘झूं’ असा पंपाचा आवाज येतो. नाही आला तर फ्यूज, मग पंप पाहायचा. हा पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी सतत तळाला ठेवून गाडी चालवणं त्याला मारक. मीटरवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवावं. तो बिघाडाचा क्रमांक असतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचा तक्ता असतो. प्लग काढून ठिणगी पाहण्याचा प्रयोग या गाड्यांवर घरी करू नये. संगणकाला इजा होऊ शकते.

पहिल्या गिअरमध्ये टाकताच गाडी बंद पडत असेल तर साईड स्टँड आठवावा. स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन बंद करणारा स्विच बऱ्याच नव्या गाड्यांत असतो. चिखलाने तो अडकला की स्टँड वर असूनही त्याला खाली वाटतो. पाण्याने धुतला की सुटतो. गाडी आडवी पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सरही काही गाड्यांत असतो. उचलल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा लावावी लागते.

आणि टोलनाक्याचं कोडं नव्या गाडीतही उरतंच. तिला पायलट जेट नाही, पण रेस सोडल्यावर हवा जायची अरुंद वाट आहे, आणि थ्रॉटल बॉडीत काळा थर साचून तीही बुजते.

चाकच धरलं तर

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत इंजिन बंद पडलं तरी गाडी आपल्या गतीने पुढे सरकत राहते. एक प्रकार वेगळा आहे. वेगात असताना इंजिनाचा आवाज जड होतो, ओढ एकदम कमी होते आणि मागचं चाक ब्रेक लावल्यासारखं धरतं. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो आहे, तेल नाही किंवा फार कमी आहे. त्या क्षणी एकच काम करायचं: क्लच पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा, म्हणजे चाक इंजिनापासून सुटतं आणि गाडी घसरत नाही. मग कडेला.

लहान मोटरसायकलीत तेल साधारण एक लिटरच असतं, आणि झिजलेलं इंजिन त्यातलं पाव-अर्धा लिटर दोन सर्व्हिसच्या मधे धुराबरोबर उडवून टाकतं. म्हणून तेलाची काडी पंधरवड्याला पाहावी: गाडी सपाट जागेवर सरळ उभी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं झालेली. अडकलेलं इंजिन अर्ध्या तासाने थंड झालं की पिस्टन आकसतो आणि किक पुन्हा फिरते. तेल ओतून ते चालूही होतं. तरी तशीच गाडी तुळजापूरच्या घाटात घालू नये. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडलेले असतात, त्यांतून तेल वर चढून जळत राहतं आणि दुसऱ्यांदा अडकलेला पिस्टन बऱ्याचदा कनेक्टिंग रॉडही बरोबर घेऊन जातो.